रोज कपाकडे जाणारं बोट

पत्र : सासूबाईंना पक्षाघात होऊन दोन महिने झाले. नाकातून पोटात जाणारी, पातळ अन्न देण्याची राइल्स ट्यूब आहे. दर तीन तासांनी दोनशे मिली फीड, आधी सिरिंजने ओढून बघणं, नंतर पाणी, डोक्याकडून पलंग उचललेला, सगळं मी चोख करते. दिवसा नर्सिंग ब्यूरोच्या मावशी असतात. परवा त्यांनी सासूबाईंना दोन चमचे चहा पाजला. सासूबाई रोज सकाळी कपाकडे बोट दाखवतात, म्हणून म्हणे दया आली. ठसका लागला नाही, पण मी हादरले. मावशींना काढून टाकावं असं वाटतं. नणंद म्हणते, तुझंच लक्ष नाही. माझं काय चुकतंय?
— एक सून, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, मावशींचं नंतर बघू. सासूबाई रोज कपाकडे बोट दाखवतात, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. म्हणजे चहाची वेळ त्यांना कळते, कप ओळखू येतो, हवंय हे सांगता येतं. त्यावर घरातलं कोणी त्यांना काय उत्तर देतं, ते मात्र पत्रात कुठेच नाही. नळी निघणार कधी, हेही तुम्ही विचारलेलं नाही. चुकतंय ते इथे.

तुमच्या कष्टांत खोट नाही. पण नळी ही गिळता येत नाही तोवरची सोय असते. पक्षाघातानंतर पुष्कळ रुग्णांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत सुधारतं, आणि ते सुधारलं का हे कोणीतरी तपासावं लागतं. घरी आल्यावर नेमकं तेच राहून जातं. ब्रदर (पुरुष नर्स) येतात, जुनी नळी काढून नवी घालून जातात, फीडचं वेळापत्रक पुढे चालू. सगळं सुरळीत चाललंय म्हणून कोणी विचारत नाही.

या आठवड्यात सासूबाईंची गिळण्याची तपासणी करून घ्या. मला एवढंच सांगायचंय.

ती स्पीच थेरपिस्ट करतात. बोलायला शिकवणं एवढंच त्यांचं काम, असा आपला समज असतो. गिळण्याचे व्यायाम आणि तपासणी हेही त्यांचंच काम. रुग्णाला ताठ बसवून, तोंड स्वच्छ करून, थोडं थोडं पाणी किंवा दाटसर पदार्थ देऊन बघतात. नळी असतानाही हे करता येतं. शंका राहिली तर हॉस्पिटलात बेरियम मिसळलेला घास एक्स-रेखाली पाहतात किंवा नाकातून दुर्बीण घालतात. काही थेरपिस्ट घरी येतात. तुमच्यापासून जवळच, धनकवडीला भारती विद्यापीठात, स्पीच थेरपीचं शिक्षण देणारी संस्था आहे; तिथे चौकशी करा. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून चिठ्ठी घ्या.

तोवर तोंडाने काहीही द्यायचं नाही, चमचाभरही नाही. ठसका लागला नाही यावर अजिबात विसंबू नका. पक्षाघातानंतर घशाची जाणीव कमी झालेली असली, तर चहा श्वासनलिकेत उतरला तरी खोकला येत नाही, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पाणी, चहा हे पातळ पदार्थ सगळ्यांत अवघड, कारण गिळण्याची क्रिया सुरू व्हायच्या आत ते घशातून पुढे सरकतात. ताप आला, दम लागला, छाती घरघरू लागली किंवा आवाज ओलसर झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. तोंड मात्र दिवसातून दोन-तीनदा मऊ ब्रशने, ओल्या गॉजने साफ करा. खाणं नाही म्हणून तोंड तसंच ठेवलं, तर लाळेबरोबर जंतू फुप्फुसात जातात.

तपासणीत गिळणं जमतंय असं दिसलं, तर थेरपिस्ट कोणत्या दाटपणापासून सुरुवात करायची ते सांगतील. तोंडाने पुरेसं पोटात जाईपर्यंत नळी राहील. जमत नसेल तर पोटातून घालायच्या नळीचं, पेगचं, डॉक्टरांना विचारा. चार-सहा आठवड्यांहून जास्त गरज असेल तेव्हा तिचा विचार करतात, आणि तुमचे दोन महिने झालेत. उत्तर काहीही येवो, ते माहीत असणं सासूबाईंचा हक्क आहे.

उद्या सकाळी बोट दाखवतील तेव्हा समोर बसा. "आई, आत्ता चहा छातीत जाईल. तपासायला माणूस बोलावलाय," असं त्यांना नीट सांगा. त्यांना कळेल.

मावशींना काढू नका. पुन्हा असं करायचं नाही हे खडसावून सांगा, कारण त्यांनी केलं ते धोक्याचंच होतं. पण सासूबाई काय मागतायत हे त्यांनी पाहिलं, मनावर घेतलं. असं माणूस तुम्हाला ब्यूरोतून पुन्हा सहज मिळणार नाही. आणि नणंदबाईंना तपासणीच्या दिवशी यायला सांगा. सासूबाईंना ताठ बसवून धरायला दोघी लागतील.