अंजीर जास्त दुष्काळ सोसतं की सीताफळ, हे बागेत कसं मोजायचं?

तुमचा प्रश्न असा: सासवडजवळ मुरमाड रानात अंजीर आणि सीताफळ दोन्ही आहेत, एका उन्हाळ्यात कोणतं झाड दुष्काळ जास्त सोसतं हे प्रबंधात दाखवायचंय आणि हाताशी ठिबक, वजनकाटा नि कॉलेजचं ओव्हन एवढंच आहे. एवढ्यात काम होतं. पण प्रश्न आधी थोडा बदलून घ्या.

ताण सोसणं वेगळं आणि ताण चुकवणं वेगळं. झाड पानं गाळून गरजच कमी करतं, पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) लवकर मिटून पाणी राखतं, किंवा मुळं मुरमाच्या भेगांत घालून खालचं पाणी ओढतं. या तिन्ही चुकवण्याच्या वाटा. पानातलं पाणी खरोखर उतरलंय आणि तरी पान काम करतंय, ते सोसणं. बाहेरून या चारही प्रकारची झाडं ‘तग धरून’ दिसतात. कोरडवाहू सीताफळ हिवाळ्याअखेर पानं टाकून मोकळं होतं, तेव्हा अंजिरावर मीठा बहार (उन्हाळ्यात तयार होणारं पीक) असतो. मार्चमध्ये या दोघांची तुलना केली तर निष्कर्ष चुकणारच. म्हणून फळाविरुद्ध फळ नको. प्रत्येक फळात पूर्ण पाणी विरुद्ध निम्मं पाणी ठेवा, आणि सीताफळाचं मोजमाप ओलिताखालच्या उन्हाळी बहारावर, पानं पक्व झाल्यावर सुरू करा.

झाडं निवडताना दर फळात निदान सहा जोड्या घ्या. वय, खोडाचा घेर आणि बहार सारखा हवा. एका झाडाला बहारासाठी ताण दिलेला आणि दुसऱ्याला नाही, असं चालणार नाही. जोडीत कोणाला निम्मं पाणी, हे चिठ्ठी टाकून ठरवा. मधे एक झाड मोकळं सोडा, नाहीतर शेजारचं पाणी मुळं पळवतात. प्रत्येक झाडाजवळ पहार घालून मुरूम किती खोलीवर लागतो ते लिहून ठेवा. पुरंदर तालुक्यात ही खोली थोड्या अंतरावरही बदलू शकते, आणि प्रयोग इथेच बिघडू शकतो.

पाण्याचा हिशेब: बाष्पीभवन पात्राची (उघड्या भांड्यातलं पाणी रोज किती आटलं ते दाखवणाऱ्या) नोंद (मिमी) × 0.7 (पात्राचा गुणांक) × पीक गुणांक (पिकाची पाण्याची गरज दाखवणारा आकडा) × झाडाच्या सावलीचं क्षेत्र (चौरस मीटर) = रोजचे लिटर. समजा नोंद 8 मिमी, पीक गुणांक 0.7 आणि झाडाचा विस्तार 3 मीटर, म्हणजे क्षेत्र साधारण 7 चौरस मीटर. उत्तर सुमारे 28 लिटर. ताशी 8 लिटरचे चार ड्रिपर असतील तर 52 मिनिटं. निम्म्या पाण्यासाठी दोन ड्रिपर बंद करू नका. त्याने भिजणारी जागाच निम्मी होते आणि परिणाम पाण्याचा की जागेचा, हे कळत नाही. त्याच चार जागी ताशी 4 लिटरचे ड्रिपर बसवा, वेळ तीच. सुरुवातीला प्रत्येक ड्रिपरखाली मग ठेवून 6 मिनिटांचं पाणी मोजा आणि 10 ने गुणा. क्षारांनी अर्धवट चोंदलेला ड्रिपर डोळ्यांना चांगलाच दिसतो.

मुख्य मोजमाप म्हणजे पानातलं सापेक्ष जलप्रमाण, म्हणजे पान पूर्ण भरल्यावर जेवढं पाणी मावतं त्याच्या किती टक्के आत्ता आहे: (ताजं वजन − कोरडं वजन) ÷ (फुगलेलं वजन − कोरडं वजन) × 100. सूर्योदयापूर्वी एकदा आणि दुपारी दीड ते अडीच एकदा. पूर्ण वाढलेलं, उन्हातलं पान तोडून लगेच पिशवीत बंद करा आणि बर्फाच्या डब्यात ठेवा. पंचाने पानाच्या गोल चकत्या सावलीत, वजनकाट्याशेजारी पाडा. काटा मिलिग्रॅम दाखवणारा हवा. ताजं वजन घेऊन चकत्या 4 तास ऊर्ध्वपातित पाण्यावर मंद उजेडात तरंगत ठेवा, टिपकागदाने हलकं टिपून पुन्हा वजन करा, मग 70 अंशांवर 48 तास सुकवा. नीट टिपलं नाही तर फुगलेलं वजन वाढतं आणि झाड आहे त्यापेक्षा तहानलेलं दिसतं.

अंजिराची अडचण म्हणजे चीक. चकती कापली की कडेने पांढरा चीक सुटतो, पंचाला चिकटतो, आणि तेवढं वजन हिशेबातून जातं. लहान चकतीत कड जास्त, म्हणून अंजिरासाठी 2 सेंटीमीटर व्यासाची चकती घ्या आणि दर पानानंतर पंच पुसा. हातमोजे घाला, तो चीक लागून ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते. माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत किंवा मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात तुमच्या मार्गदर्शकांनी विचारून पाहावं. दाबपात्र (देठातून पाणी बाहेर यायला किती दाब लागतो ते मोजणारं यंत्र) मिळालं तर उत्तमच. मात्र तिथेही अंजिराच्या देठावर आधी चीक येतो. तो टिपत राहा आणि पारदर्शक पाणी दिसेल तोच दाब लिहा.

आता आकडे कसे वाचायचे. निम्म्या पाण्याच्या झाडाचं पहाटेचं प्रमाण पूर्ण पाण्याच्या झाडाइतकंच असेल, तर वरची माती कितीही कोरडी असो, मुळांना खालून पाणी मिळतंय. पहाटेचं उतरलंय पण दुपारी आणखी फारसं घसरत नाही, तर पर्णरंध्रं मिटलीत. अवरक्त (न टेकवता तापमान दाखवणारी) तापमापी मिळाली तर याची खात्री होते. सूर्य पाठीशी घ्या आणि तीन पानं मोजा: एक नेहमीचं, एक पाणी फवारून ओलं केलेलं, एक दोन्ही बाजूंनी व्हॅसलिन लावलेलं. नेहमीच्या पानाचं तापमान व्हॅसलिनच्या पानाजवळ गेलं, तर पर्णरंध्रांची दारं बंद आहेत.

हवेचं तापमान आणि आर्द्रताही त्याच वेळी लिहा. 25 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेला हवेची (पानातून पाणी खेचणारी) ओढ सुमारे 1.3 किलोपास्कल असते. 38 अंश आणि 20 टक्क्यांना ती 5.3. माती ओली असूनही अशा दुपारी पान कोमेजू शकतं, आणि तो दोष ठिबकचा नसतो.

शेवटी, झाडं किती सावरतात ते पाहायला, सगळ्यांना पूर्ण पाणी सुरू करून पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा मोजा. दर झाडावर चार फांद्यांना दोरा बांधून पानं आठवड्याला मोजत राहा, नाहीतर गळलेल्या पानांनी वाचवलेलं पाणी ‘सोशिकता’ म्हणून नोंदलं जाईल. हे सगळं मेच्या मध्यापर्यंत संपेल असं आखा. वळवाची एक चांगली सर आली की निम्मं पाणी निम्मं राहत नाही.