नवं धनुष्य घेऊ का?

आधी एक सांग, 18 मीटरवरच्या लक्ष्यावर तुझे सहा बाण कुठे लागतात? सगळे एका जागी, पण डावीकडे लागत असतील तर साइट, म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण, डावीकडे सरकव, एक पैसा लागणार नाही. चहूकडे पांगत असतील तर महागडं रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) घेतलंस तरी पांगतीलच. तिथे गडबड अँकरची (दोरी खेचल्यावर हात चेहऱ्याशी जिथे टेकतो ती जागा) किंवा रिलीजची (दोरी सोडण्याची) असते.

खर्च करायचाच असेल तर बाणांवर कर. क्लबचे बाण बहुधा सरमिसळ असतात. एक 600 स्पाइनचा, दुसरा 800चा. स्पाइन म्हणजे बाण किती वाकतो त्याचा आकडा; आकडा मोठा तितका बाण लवचीक, मग नेम तोच ठेवूनही दोघे वेगळीकडे जाणार. तुझ्या ड्रॉ लेंग्थला (दोरी मागे खेचण्याचं अंतर) आणि खेचताना बोटांवर येणाऱ्या वजनाला जुळणारे, एकसारखे बाण घे. हातावर बसणारा टॅबही (दोरीपासून बोटं वाचवणारा तुकडा) घे, स्वस्तातला चालेल.

जड लिम्ब्सचा, म्हणजे खेचायला जास्त ताकद लागणाऱ्या धनुष्याच्या पात्यांचा, मोह मात्र आवर. शेवटच्या फेरीत खांदा वर चढायला लागला की समज, वजन झेपत नाहीये. तसंही 18 मीटरला इतकी ताकद लागते कुठे? वजन वाढलं की लागणारा स्पाइनही बदलतो, म्हणजे बाणांचे पैसे पुन्हा.

आणि आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात स्ट्रिंगला मेण लावत जा, सरावाआधी ब्रेस हाइट (मूठ आणि दोरी यांतलं अंतर) मोजत जा. बरेचदा ‘धनुष्य बिघडलंय’ म्हणतात ते एवढंच असतं. शक्य तितके दिवस क्लबचंच धनुष्य वापर. लोकलच्या गर्दीत स्वतःची बॅग सांभाळणं हा वेगळाच खेळ आहे!