पार्टीतली पोशन, पॉइंट आणि सोनं: मालकी कोणाची आणि खर्च कोण करणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूरला तुम्ही सहा जण दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून भूमिका वठवायचा टेबलावरचा खेळ) खेळता, २०१४ च्या पुस्तकावर. पाच खेळाडू, म्हणजे गोष्टीतली ‘पार्टी’, आणि डीएम (गोष्ट चालवून निकाल देणारी व्यक्ती) तुम्ही. फायटर (पुढे उभा राहून लढणारा) सापडलेली सगळी हीलिंग पोशन (जखम भरणारी औषधं) स्वतःच्या झोळीत टाकतो. क्लेरिकवाली (मंत्रांनी बरं करणारं पात्र खेळणारी) वैतागलीय, कारण जो तो तिला ‘मला बरं कर’ म्हणून हुकूम सोडतो. इन्स्पिरेशन (छान भूमिकेबद्दल डीएम देतो ती बक्षिसी) एकमेकांना देता येतं का यावर वाद आहे. शेवटी तुम्ही विचारलंय की सगळंच सामाईक करून टाकू का.

करू नका. मी करून पाहिलंय आणि तोंड पोळून घेतलंय.

आमचं टेबल संभाजीनगरला, सिडकोत गच्चीवरच्या एका खोलीत. चार खेळाडू आणि मी डीएम. गोष्ट देवगिरीची लावली होती. साल १२९६, अल्लाउद्दीन खिलजी दाराशी येऊन ठेपलाय, रामदेवरायाचा मुलगा सैन्य घेऊन लांब गेलाय आणि किल्ल्यात घाईघाईने शिधा भरायचाय. पार्टीत एक गोंधळी (पुस्तकातला बार्ड, संबळासकट), एक वैदू (म्हणजे क्लेरिक), एक पाईक आणि एक चोर. मी म्हटलं, भिशी चालवतो तशी पार्टी चालवू. एकच वही. मशाली, दोर, पोशन, सोनं, इन्स्पिरेशनसुद्धा त्याच वहीत. ज्याला लागेल त्याने घ्यावं.

भिशीत चिठ्ठी निघते, पाळी येते, कोणी किती भरले ते लिहिलेलं असतं. मी त्यातला फक्त डबा उचलला होता आणि पाळी विसरले होते. दोन रविवारांत व्हायचं तेच झालं: ज्याचा आवाज मोठा, त्याचा खर्च मोठा. आमचा पाईक वाईट पोरगा नाही, पण त्याचं पालुपद ठरलेलं, “पुढं उभा मी राहतो, मंग मलाच लागणार ना!” वैदू खेळणारी मुलगी मुळात कमी बोलणारी. तिने दोन्ही रविवारी वहीतलं काहीसुद्धा घेतलं नाही. आम्ही किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारात, शिरलो (अंधारी त्या काळात होती का, असं कोणी विचारू नये, मी घुसवली होती), तोवर वहीत एक मशाल शिल्लक होती आणि पोशन शून्य. पाचव्या पातळीची पार्टी वटवाघळांनी पळवून लावली.

त्याहून भारी फजिती पोत्यांची. वेढ्यासाठी भरलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं आणि रामदेवरायाला शरण जावं लागलं, अशी कथा सांगतात. ती मी जशीच्या तशी गोष्टीत ठेवली होती. वहीत लिहिलं, ‘धान्य, ४० पोती’. चौघांनीही शाळेच्या सहलीत गाइडच्या तोंडून ही कथा ऐकलेली. तरी एकानेही पोत्यात हात घातला नाही. मी नंतर विचारलं, “कामून रे?” तर चोर म्हणाला, “मला वाटलं, बाकीच्यांनी बघितलं असंल.”

त्यानंतर मी वही बंद केली आणि नियम पुन्हा वाचले. उत्तर गोंधळ्याच्या पानावर सापडलं. बार्डिक इन्स्पिरेशन ही अशी चीज आहे की ती स्वतःवर खर्चच करता येत नाही. ६० फुटांच्या आतल्या, तुमचा आवाज ऐकू येणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी द्यायची. सुरुवातीला तो एक सहा बाजूंचा फासा असतो. घेणाऱ्याने तो पुढच्या दहा मिनिटांत एकदा वापरायचा. डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) टाकून झाल्यावर, पण डीएमने निकाल सांगायच्या आत, ठरवलं तरी चालतं. म्हणजे कोणाला द्यायचं ते देणारा ठरवतो आणि कधी खर्चायचं ते घेणारा ठरवतो. दिल्यावर गोंधळ्याने “आता नको, पुढच्या फेरीत टाक” म्हणायचं नाही. त्याचा हक्क तिथे संपला.

हे एवढंच आम्ही सगळ्या साधनांना लावलं. ज्याच्या कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या नोंदींच्या कागदावर) वस्तू, शब्द त्याचा. दिली की पूर्ण दिली. साठा मात्र टेबलावर उघडा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तुम्ही लातूरचे म्हणून सांगते. २०१६ च्या उन्हाळ्यात तुमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हाचे दिवस आठवत असतील. टँकरपुढच्या रांगेत रिकाम्या घागरीचीसुद्धा जागा ठरलेली असते आणि कोणाची घागर कितवी, हे अख्ख्या गल्लीला दिसत असतं. कोणी मध्ये घुसला तर बोलायला मोठा आवाज लागत नाही, बोट दाखवलं तरी पुरतं. आमच्याकडे प्रत्येकाच्या शीटपुढे चिंचोके असतात: एक पोशन म्हणजे एक चिंचोका, स्पेल स्लॉटला (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींना) कवड्या. पाईकासमोर पाच चिंचोके आणि वैदूसमोर एकही नाही, हे दिसायला लागल्यावर तो आपण होऊन दोन सरकवू लागला. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

आता तुमच्या फायटरचं. त्याला नीतीचे धडे देऊ नका, हिशेब दाखवा. साधं हीलिंग पोशन दोन डी-फोर (चार बाजूंचे फासे) अधिक दोन, म्हणजे सरासरी सात एचपी (जीव किती उरला ते मोजणारे गुण). चालत्या लढाईत सात एचपीने फार काही हलत नाही. पण शून्यावर पडलेल्या माणसाला तेच सात पुन्हा उभं करतात, म्हणजे पोशनची खरी किंमत पडलेल्या माणसावर वसूल होते. आणि पडलेला माणूस बेशुद्ध असतो, स्वतः पिऊ शकत नाही. दुसऱ्याने आपली अॅक्शन (त्या फेरीतली कृती) खर्चून पाजावं लागतं. तुमचा फायटर पुढे उभा राहतो, पहिला तोच पडणार, आणि सगळी पोशन त्याच्याच झोळीत. गोठ्याची किल्ली गोठ्यात ठेवून बाहेरून कुलूप लावण्यातला प्रकार. ती बाकीच्या चौघांकडे एकेक वाटली तर फायदा सर्वात जास्त त्याचाच. हे ऐकून आमचा पाईक पाच मिनिटं गप्प बसला होता, आमच्याकडे हा विक्रम आहे.

क्लेरिकसाठी आमचा नियम एका ओळीचा आहे: आपली अवस्था सांगायची, दुसऱ्याचा खर्च सांगायचा नाही. “माझे चार एचपी उरलेत आणि समोर दोघं आहेत” चालतं. “मला बरं कर” चालत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं, पण यानेच आमची वैदू खेळू लागली. आधी ती इतरांचं औषधाचं कपाट होती. तिचे स्लॉट लॉन्ग रेस्टशिवाय (लांब विश्रांतीशिवाय) परत येत नाहीत, त्यातला एक तिला स्पिरिचुअल वेपनवर (हल्ल्याच्या एका मंत्रावर) उडवायचा असेल तर तो तिचा हक्क, मग पाईक किती का कण्हेना.

साध्या इन्स्पिरेशनबद्दल (गोंधळ्याच्या नव्हे) पुस्तक स्पष्ट आहे. ते एक तर असतं किंवा नसतं, साठवता येत नाही. दुसऱ्या खेळाडूने छान भूमिका वठवली तर आपलं त्याला देता येतं. २०२४ च्या आवृत्तीत त्याचं नाव हिरोइक इन्स्पिरेशन झालं, आणि आपल्याकडे एक असताना दुसरं मिळालं तर ते ज्याच्याकडे नाही त्याला देता येतं. हे मला पटतं. सांडणारं दुसऱ्याच्या ताटात गेलेलं बरं.

म्हणजे सामाईक काहीच नको, असं मी म्हणत नाही. सोन्याचा एक वाटा सामाईक ठेवाच. तुम्ही पाच खेळाडू, तर लुटीचे सहा वाटे करा. ६०० नाणी मिळाली तर प्रत्येकाला १०० आणि १०० पार्टीच्या पेटीत. पेटीतून काय घ्यायचं ते आधी लिहून ठेवा, आणि यादीत पहिला ३०० नाण्यांचा हिरा. रिव्हिव्हिफायला (मेलेल्याला उठवायच्या मंत्राला) तो लागतो आणि वापरला की संपतो. मेलेल्याला एका मिनिटाच्या आत उठवायचं असतं. तेवढ्या वेळात वर्गणीची चर्चा उरकत नाही. आमच्याकडे चोर मेला तेव्हा हिरा कोणाच्या खर्चाने यावर वीस मिनिटं घासाघीस चालली. खुद्द चोरवाला शेजारी बसून चिवडा खात ऐकत होता. त्याला आपली किंमत त्या दिवशी कळली आणि महिनाभर तो नीट बोलत नव्हता. हिऱ्यानंतर पोशन, पुस्तकात एकाची किंमत ५० नाणी आहे. मशाली-दोर पेटीतूनच, उजेड एकट्यापुरता पडत नाही.

जादूच्या वस्तूंवर भांडणं कमी होतात, कारण एका माणसाला तीनपेक्षा जास्त वस्तूंशी अॅट्यूनमेंट (वस्तूची जादू चालावी म्हणून तिच्याशी जुळवायचं नातं) करता येत नाही. तिथे नियमच वाटप करून देतो.

इतर खेळांनी हा प्रश्न कसा सोडवलाय तेही बघा, उसनं घ्यायला हरकत नाही. ब्लेड्स इन द डार्क (२०१७) मध्ये मदत करणाऱ्याला स्वतःचा एक स्ट्रेस (ताणाचा गुण) मोजावा लागतो, मग मित्राला एक फासा जास्त मिळतो. स्ट्रेसचे चौकोन नऊच, आणि ते भरले की ट्रॉमा, म्हणजे पात्राच्या मनावर कायमचा घाव. तिथे कोणी “मदत कर ना” म्हणून डोकं खात नाही, कारण किंमत कोण देतंय हे उघड असतं. स्टार ट्रेक अॅडव्हेंचर्समध्ये खरोखर सामाईक हौद आहे, मोमेंटमचा, म्हणजे जादा यशातून जमणाऱ्या गुणांचा. पण त्यात सहाच्या वर मावत नाही आणि प्रत्येक सीन संपला की एक गळून जातो. या गळतीचं मला फार कौतुक आहे. गळका हौद कोणी एकटा दाबून बसत नाही, आणि “पुढे लागेल” म्हणून कोणी राखूनही ठेवत नाही. माझ्या वहीला ना कड होती ना भोक. सॅव्हेज वर्ल्ड्स उलट टोकाला आहे: आपली बेनी (फासा पुन्हा टाकू देणारं टोकन) दुसऱ्याला द्यायची तर त्यासाठी वेगळी एज (पात्राची खास क्षमता) घ्यावी लागते. मला ते जरा कंजूष वाटतं, पण मित्रांच्या दबावाखाली सगळं वाटून टाकणारा खेळाडू तुमच्याकडे असेल तर त्याला तिथे सुख लागेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पुढच्या महिन्यात विचाराल: विश्रांती. वॉरलॉकचे (एका प्रकारच्या जादूगाराचे) स्लॉट तासाभराच्या शॉर्ट रेस्टने परत येतात, क्लेरिकचे येत नाहीत, त्यामुळे एक म्हणतो थांबा आणि दुसरी म्हणते चला. वेळ मात्र कोणाच्याच शीटवर नसतो. आम्ही ‘थांबा’ म्हणायचा हक्क दोन लढायांमध्ये एकदा, फिरत्या पाळीने दिलाय. भिशीतली चिठ्ठी शेवटी इथे कामी आली. ज्याची पाळी असेल त्याने थांबा म्हटलं की सगळे थांबतात, आणि त्या तासात शत्रू काय करतो ते मी ठरवते.

चिंचोक्यांऐवजी शेंगदाणे मात्र वापरू नका. आम्ही एकदा वापरले. तिसऱ्या तासाला वैदूपुढची तीन पोशन गायब होती, आणि पाईक पाणी पीत होता.