सेफ्टीत जायचंय? आधी सेंट्रिंग शिकू द्या

प्रश्न : मी भांडुपला राहतो. तीस वर्षं इमारतींचं प्लंबिंग केलं. मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करून सात महिन्यांपूर्वी एका साइटवर ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागला. आता म्हणतो, नोकरी सोडून सेफ्टीचा कोर्स करतो, दहा दिवसांत सर्टिफिकेट मिळतं. मी पाहिलेले सेफ्टीवाले म्हणजे हेल्मेट घातलं का बघायचं, फोटो काढायचे आणि मोठे साहेब येणार असले की बोर्ड पुसायचे. यात कसलं आलंय करिअर? त्याला समजवा.

उत्तर : नमस्कार. समजावतो, पण दोघांनाही.

तुम्ही म्हणता तसले सेफ्टीवाले मीही पाहिलेत. ते तसे का होतात, याचा तुमच्यासारख्या कारागिराने विचार करावा. ज्याला सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतण्यासाठी खालून लावलेला साचा आणि टेकू, कसं उभं राहतं आणि कसं खोलतात हे ठाऊक नाही, तो ‘हेल्मेट घाल, बेल्ट लाव’ यापलीकडे बोलणार काय? मुकादम त्याला दोन मिनिटांत ओळखतो. मग उरतात फोटो.

माझा एक जुना विद्यार्थी परळच्या एका टॉवरवर या कामात आहे. त्याने मला एकदा वर नेलं आणि डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीवर, टाकलेला प्लायचा तुकडा दाखवला. दिसायला व्यवस्थित झाकलेलं भोक. तो म्हणाला, “सर, झाकलंय हाच धोका आहे. हा प्लाय ठोकलेला नाही. उद्या शटरिंगवाल्याला तुकडा कमी पडला, की तो दोन्ही हातांनी हा उचलणार. प्लाय तोंडासमोर, खालचं काही दिसत नाही, आणि एक पाऊल पुढे.” त्याने सुताराला बोलावून चारही बाजूंनी ठोकून घेतला आणि वर लाल रंगाने ‘नीचे डक्ट’ असं हिंदीत लिहायला लावलं. पुढे एक गडी बेल्ट घालून पाइप खोलत होता आणि हूक अडकवला होता त्याच पाइपला, जो तो खोलत होता. फोटोत तो अगदी नियमात दिसला असता.

डक्टमध्ये तुमचं निम्मं आयुष्य गेलं असेल. यातलं तुम्हाला नवीन काहीच नाही. मुलाला मात्र हे दहा दिवसांत कुणी शिकवू शकत नाही.

आता कागदाचं बघू. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा होता आणि त्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी सुरक्षा अधिकारी नेमणं बंधनकारक होतं. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिने बांधकामासाठी हा आकडा २५० वर आणला. मुंबईत पुनर्विकासाची कामं चाललीत ती पाहता या पदांची गरज वाढणार, हा माझा अंदाज. पण त्याच १९९८ च्या नियमांत अधिकाऱ्याची पात्रता काय होती? औद्योगिक सुरक्षेची पदवी किंवा पदविका हवीच, शिवाय इंजिनिअरिंगच्या पदवीवाल्याला बांधकामावर देखरेखीचा दोन वर्षांचा अनुभव आणि डिप्लोमावाल्याला पाच वर्षांचा. आणखी एक अट मला फार आवडते : साइटवरच्या बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला यायला हवी. म्हणजे चिरंजीवांनी हिंदी तर सफाईने बोलावीच, बंगाली किंवा भोजपुरी कानावर पडत राहिली तर उत्तम.

दहा दिवसांच्या सर्टिफिकेटबद्दल मी कडक बोलतो, कारण एकदा मीच चुकलोय. खूप वर्षांपूर्वी एका मुलाला अशाच एका क्लासला पाठवलं. फी गेली, हाती रंगीत कागद आला आणि तीन मुलाखतींत त्याला एकच प्रश्न विचारला गेला : साइट किती वर्षं केलीस? तो पुढे मोबाइलच्या दुकानात लागला. त्याच्या आईचा फोन आला की मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

शिकायचंच तर शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची पदविका आहे. भांडुपहून लोकलने थेट. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा प्रगत पदविका अभ्यासक्रमही आहे. दोन्हींच्या प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचाव्यात, मित्राच्या व्हॉट्सॲपवर नव्हे. परदेशी सर्टिफिकेटं आखातात जायचं असेल तर बघावीत, आत्ता नको.

एक गोष्ट बहुतेक पालकांच्या ध्यानातच येत नाही. या कामात पडझडीइतकंच आरोग्य आहे. टाइल, ग्रॅनाइट कोरडं कापलं की जी बारीक धूळ उडते तिने सिलिकोसिस होतो आणि फुप्फुस पुन्हा पूर्ववत होत नाही. पाणी मारत कापलं तर धूळ बरीच बसते. ओल्या सिमेंटने हात फाटतात. आणि मे महिन्यात चौदाव्या मजल्यावर काम करणारा माणूस पाणी कमी का पितो? कारण संडास तळमजल्यावर आहे आणि लिफ्ट मालासाठी अडवून ठेवलीय. तिथे चक्कर येऊन पडलेल्याच्या नावापुढे ‘बेल्ट लावला नव्हता’ एवढंच लिहिलं जातं. दर काही मजल्यांवर पाण्याची आणि संडासाची सोय मागून घेणारा अधिकारी हवाय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्याचे डास आहेतच. महापालिका त्यासाठी साइटना नोटिसा देते.

म्हणून माझं म्हणणं : नोकरी सोडू नये. आहे त्याच साइटवर सेंट्रिंग, खोदकाम, परांची, क्रेन या कामांवर आळीपाळीने उभं राहू द्या. तिथल्या सेफ्टी अधिकाऱ्याबरोबर सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधी गड्यांशी सुरक्षेबद्दल बोलतात तिथे, जाऊ द्या, कामाचे परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाची लेखी परवानगी, कसे भरतात ते बघू द्या. दर वर्षी हुद्द्यासकट अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घ्या; ठेकेदार बदलला की जुनं पत्र मिळवताना चपला झिजतात. पदविका त्यानंतर.

आणि पुढे सेफ्टीची नोकरी घेताना पगाराआधी एक गोष्ट विचारायची : तो कुणाच्या हाताखाली? स्लॅबची तारीख गाठायची जबाबदारी ज्या साहेबावर, त्याच्याच हाताखाली सेफ्टीवाला असेल तर त्याला काम थांबवता येत नाही. मग तुम्ही म्हणता तसा तो बोर्डच पुसत बसतो.

तूर्तास एवढं करा. त्याने राजीनामा लिहून ठेवलाय की देऊनही टाकलाय, हे आज रात्री जेवताना विचारून घ्या.