कोडमध्ये एक स्पेलिंग, डॉक्युमेंटेशनमध्ये दुसरे: एकसारखेपणा कसा आणावा?

रिपॉझिटरीतच (प्रकल्पाचा कोड जिथे साठवता तिथेच) एक शब्दसूची ठेवा, प्रत्येक संज्ञेचे एकच मान्य रूप तिच्यात लिहा आणि तपासणी सीआयवर (कोडमधल्या प्रत्येक बदलावर आपोआप चाचण्या चालवणाऱ्या यंत्रणेवर) सोपवा. रिव्ह्यू करणाऱ्यांच्या नजरेवर विसंबलात तर चुका निसटणारच. डॉक्युमेंटेशनसाठी ‘व्हेल’ (Vale) हे लिंटर, म्हणजे चुका आपोआप शोधणारे साधन, उत्तम: त्याच्या सब्स्टिट्यूशन नियमात नको असलेले आणि हवे असलेले रूप अशी जोडी देता येते, आणि मार्कडाउनमधले कोड ब्लॉक ते आपणहून वगळते. सोर्स कोड आणि कॉमेंट्समधल्या नेहमीच्या चुकांना ‘कोडस्पेल’ (codespell) हे साधन पुरते. ‘कलर’ अमेरिकी पद्धतीने (color) की ब्रिटिश (colour), यावर वेळ घालवू नका. सीएसएसच्या (वेबपानांचे रूप ठरवणाऱ्या भाषेच्या) प्रॉपर्टीत अमेरिकी रूप आहे, वेब प्रकल्पात तेच घ्या.

मात्र एकदा प्रसिद्ध झालेल्या एपीआयमधले (इतरांचे प्रोग्राम ज्यातून तुमचा कोड वापरतात त्या इंटरफेसमधले) नाव परस्पर बदलू नका, वापरणाऱ्यांचा कोड मोडेल. वेबच्या एचटीटीपी प्रोटोकॉलचा ‘रेफरर’ (Referer) हेडर 1996 च्या आरएफसी 1945 या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात एक ‘आर’ गाळून नोंदला गेला आणि आजही तसाच आहे. नंतर आलेल्या ‘रेफरर-पॉलिसी’ (Referrer-Policy) हेडरचे स्पेलिंग मात्र बरोबर आहे. अशा वेळी योग्य स्पेलिंगचे नवे नाव द्या, जुने डेप्रिकेटेड (यापुढे वापरू नये असे जाहीर केलेले) म्हणून चालू ठेवा आणि पुढच्या मेजर आवृत्तीतच काढा.