वाचक विचारतात : टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या?

प्रश्न : लेक व्हायोलिन शिकते. मुंबईला एनसीपीएच्या हॉलमध्ये जर्मन संगीतकार मेंडेल्सोनचा व्हायोलिन कॉन्सर्टो (एकटं व्हायोलिन पुढे आणि ऑर्केस्ट्रा सोबत, अशी रचना) लाइव्ह ऐकायचा म्हणून मागे लागलीये. यूट्यूबवर घरबसल्या ऐकतोच की, मग नाशिकहून एवढी यातायात कशाला? आणि आपल्याला सवय मध्येच ‘क्या बात है’ म्हणायची, तिथे दाद कधी द्यायची?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : जा हो ताई, नक्की जा. दादेचं आधी सांगते. ‘क्या बात है’ मनातल्या मनात, आणि टाळ्या एकदम शेवटी. पहिल्यांदा जाणाऱ्याला हा कॉन्सर्टो सगळ्यात सोपा, कारण भाग तीन असले तरी मेंडेल्सोनने मध्ये गॅपच ठेवलेली नाही. पहिला भाग धडाक्यात संपतो, हात आपोआप वर जातात, पण तेवढ्यात बासून नावाचं लांब लाकडी वाद्य एकच सूर धरून ठेवतं आणि त्यातूनच दुसरा संथ भाग उगवतो. कुणीतरी टाळ्या वाजवतोच आणि नेमका तो सूर बुडतो, मला फार राग येतो त्याचा.

आता यूट्यूबचं. पहिल्या भागाच्या मध्यावर ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि व्हायोलिन एकटं वाजतं, त्याला कॅडेन्झा म्हणतात, मेंडेल्सोनच्या आधी ती बहुतेक भागाच्या शेवटी यायची, त्याने ती अलीकडे ओढली. तिच्या शेवटी बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, चारही तारांवर उड्या मारत असतो, त्या उड्या चालू असतानाच ऑर्केस्ट्रा हळूच मूळ धून उचलतो, आणि ज्याच्यासाठी तिकीट काढलं तो कलाकार चक्क साथीला जातो, तबला सोलोत लेहरा धरणाऱ्यासारखा! रेकॉर्डिंगमध्ये हे गुळगुळीत होऊन येतं. हॉलमध्ये कंडक्टर, म्हणजे हातवारे करून ऑर्केस्ट्रा चालवणारा, त्या बोकडे डोळे लावून बसलेला दिसतो, एक उडी चुकली तर सगळ्यांची पंचाईत. आणि आपल्या नाशिकच्या कालिदास नाट्यगृहात कसा माइक असतो, तसा इथे नसतो, एवढ्या ताफ्यापुढे एकट्या व्हायोलिनचा नुसता आवाज पोचतो, हे लेकीने कानाने ऐकायलाच हवं. सीट डावीकडची मिळाली तर बघा, सोलोवाला कंडक्टरच्या डावीकडे उभा असतो, बोचा हात छान दिसतो.

लेकीला हेही सांगा, मेंडेल्सोनने १८३८ मध्येच फर्डिनांड डेव्हिड या व्हायोलिनवादक मित्राला कळवलं होतं की ही सुरुवात डोक्यातून जात नाहीये, आणि पहिला प्रयोग झाला १३ मार्च १८४५ ला, लाइपझिगमध्ये. सोलो डेव्हिडचाच, पण मेंडेल्सोन आजारी, त्यामुळे कंडक्ट केलं नील्स गाडेने.

उशीर मात्र करू नका. व्हायोलिन जवळजवळ लगेचच सुरू होतं, सीट शोधेपर्यंत ती सुरुवात गेलेली असते. आणि परतीला पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका, ती संध्याकाळीच सुटते, मुक्कामाचं बघून ठेवा.