सगळं थोडं थोडं येणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला

अनेक आशीर्वाद.

पदवी हाती आहे, विशेष शाखा एकही घेतलेली नाही, मग अर्ज कुठे करायचा, हा तुझा प्रश्न. आधी अर्जातलं ‘मला माणसं समजतात’ हे वाक्य खोड. तसं सगळ्यांनाच वाटतं. तुला येतं ते निराळं: मोघम प्रश्न मोजता येईल असा करणं, तो मोजणं आणि हाती आलेल्या आकड्यावर शंका घेणं. नोकरी याचीच मिळते, फक्त पदाच्या नावात ‘मानसशास्त्रज्ञ’ बहुधा नसतं. म्हणून जाहिराती कामाच्या नावानं शोध: युजर रिसर्च (लोक ॲप किंवा वेबसाइट कशी वापरतात याचा अभ्यास), भरतीतलं मूल्यमापन, सर्व्हे, उपक्रमांचं मूल्यमापन.

भरतीत तुझा उपयोग लगेच दिसतो. बुद्धिमापन चाचणी आणि पुढची कामगिरी यांचा सहसंबंध (० म्हणजे नातं नाही, १ म्हणजे पूर्ण नातं) श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ मध्ये ०.५१ दिला होता. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्यामागच्या सांख्यिकी दुरुस्त्या तपासल्या, तेव्हा तो ०.३१ वर आला आणि ०.४२ सह संरचित मुलाखत वर गेली. अशी मुलाखत बांधायला शीक. सगळ्यांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमानं. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण आणि १, ३, ५ साठी नमुना उत्तरं आधीच लिहिलेली. दोन परीक्षकांनी गुण वेगवेगळे लिहायचे, चर्चा नंतर. बिघडतं ते इथेच: चर्चा आधी झाली की वरिष्ठाचं मत दोन्ही कागदांवर उतरतं.

युजर रिसर्चमध्ये ‘चाचणीला पाच जण पुरे’ असं ऐकशील. त्यामागचं गणित बघ. एखादी अडचण दर माणसाला ३१ टक्के शक्यतेनं येत असेल, तर पाचांत ती एकदा तरी दिसण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के. तीच अडचण १० टक्क्यांची असेल तर जेमतेम ४१. आणि पाचांपैकी दोघं अडले म्हणून ‘४० टक्के लोक अडतात’ असं अहवालात कधीही लिहू नकोस. (वरचे लोक नेमकी तीच ओळ उचलतात.)

उपक्रमांच्या मूल्यमापनात सापळा वेगळा. सर्वांत कमी गुणांची मुलं निवडली, तीन महिने शिकवलं, गुण वाढले. त्यातली काही वाढ शिकवलं नसतं तरी झालीच असती, कारण टोकाचे गुण पुन्हा मोजले की सरासरीकडे सरकतात. तुलनेचा गट सुरुवातीलाच माग. नंतर तो उभा करता येत नाही.

समुपदेशन आणि उपचार हा मात्र स्वतंत्र रस्ता आहे: वेगळं प्रशिक्षण, देखरेखीखालचे तास, बहुतेक ठिकाणी परवाना. अनेक देशांत ‘मानसशास्त्रज्ञ’ हे बिरुदही कायद्यानं राखीव असतं. ‘कोच’ म्हणवून मागच्या दारानं त्यात शिरू नकोस. समोरचा आत्महत्येबद्दल बोलू लागला की काय करायचं, हे पदवीच्या वर्गात पुरेसं शिकवलेलं नसतं.

प्रबंध कुणी वाचणार नाही. दोन-दोन पानांचे दोन नमुने कर: प्रश्न, मोजणी, निष्कर्ष, त्यावरून कोणता निर्णय बदलावा आणि यातून काय म्हणता येत नाही. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात; मुलाखत घेणारा जाणकार असेल तर तोच आधी बघतो. एखादा सार्वजनिक डेटा घेऊन ‘आर’ किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत काम कर, कोडही जोड.

पहिला नमुना तयार झाला की पाठव. सर्व्हे घेतला असेल तर प्रश्नावलीही हवी. ‘पगार आणि वातावरण समाधानकारक आहे का?’ असा जोडप्रश्न (एकात दोन प्रश्न) त्यात दिसला तर तिथेच लाल शाई लागेल.